पोलिश मुलीचं नाव 'कालिना': फूल, फळ की चिखल? नक्की अर्थ काय?

रानजाई:
नमस्कार मंडळी, एका नावाबद्दल विचारायचंय, जरा सविस्तर लिहिते. माझा धाकटा भाऊ पोलंडमध्ये व्रोत्सवाफला असतो, भावजय तिथलीच, आणि गेल्या महिन्यात त्यांना मुलगी झाली. नाव ठेवलंय कालिना. मी आत्या झाले! नाव ऐकल्या ऐकल्या आवडलं मला, तोंडात बसतं, हाक मारायला सोपं. पण आई रोज विचारते की अगं पण अर्थ काय त्याचा, आणि मला नीट सांगता येत नाही.

भावजयीला फोनवर विचारलं तर म्हणाली फूल आहे, माझ्या आजीच्या फाटकाशी झाड होतं, पांढरी फुलं यायची, एवढं बोलली आणि बाळ रडायला लागलं म्हणून फोन ठेवावा लागला. मग मी नेटवर बसले. एका साइटवर 'सुंदर', ग्रीक शब्दावरून आलं म्हणे. दुसरीकडे लाल फळांचं झुडूप. आणि तिसरीकडे चक्क चिखल, दलदल. ते तिसरं आईने माझ्या मागे उभं राहून वाचलं आणि तेव्हापासून तिचा चेहरा उतरलाय, एवढ्याशा पोरीला चिखल म्हणून हाक मारायची का म्हणते. तिला ती भाषा येत नाही, नात अजून प्रत्यक्ष पाहिलेली नाही, तिच्यासाठी सध्या नात म्हणजे ते नावच आहे, त्यामुळे मला हे खरंच नीट कळून घ्यायचंय. फूल आहे का फळ? चिखलाचं काय? आणि लिहायचं कसं, कलिना, कलीना का कालिना?

विस्वाकाठी:
आत्याबाई, आधी अभिनंदन! मी बरीच वर्षं पोलंडमध्येच, क्राकूफला काढलीत, तेव्हा जे माहितीय ते सांगतो.

कालिना हे आधी एका झुडपाचं नाव आहे, मग मुलीचं. पूर्ण नाव 'कालिना कोरालोवा', कोरालोवा म्हणजे पोवळ्यासारखी, कारण फळं अगदी पोवळ्याच्या मण्यांसारखी लाल आणि चकचकीत असतात, घोसाने लटकतात. शास्त्रीय नाव व्हायबर्नम ओप्युलस. चार-पाच मीटरपर्यंत वाढतं, ओढ्याकाठी, ओलसर रानात, शेताच्या बांधाला आपोआप येतं आणि लोक मुद्दाम घराशीही लावतात, त्यामुळे तुमच्या भावजयीच्या आजीचं फाटक मला डोळ्यासमोर दिसलं. मे-जूनमध्ये पांढरी फुलं, ऑगस्ट-सप्टेंबरला फळं पिकतात, आणि पानं गळून गेली तरी ते लाल घोस थंडीत तसेच फांदीवर राहतात, बर्फ पडलेला असताना ते लाल ठिपके लांबून दिसतात तेव्हा काय सुंदर दिसतं ते सांगता येत नाही.

म्हणून फूल की फळ असं नाहीच, दोन्ही. तिथे कालिना म्हटलं की कुणाला पांढरी फुलं आठवतील, कुणाला लाल मणी, माझ्या ओळखीच्या म्हाताऱ्या माणसांना बहुतेक मणीच आठवायचे.

ते ग्रीक 'सुंदर' मात्र सोडून द्या. ग्रीकमध्ये कालोस म्हणजे सुंदर हे खरं, पण नुसता आवाज जुळला म्हणून नावांच्या साइटवाल्यांनी ते चिकटवून दिलंय. पोलिश कालिना थेट झाडावरून आलंय, त्याला ग्रीसला जायची गरज नाही.

लिहिताना कालिना लिहा. पोलिशमध्ये ऱ्हस्व दीर्घ असा भेदच नाही, फक्त शेवटून दुसऱ्या अक्षरावर जोर येतो, म्हणजे जोर 'लि'वर. आणि 'ल' साधा आपला ल. त्यांच्याकडे आडवी रेघ मारलेला एक वेगळा ल असतो ज्याचा उच्चार 'व' होतो, तो इथे नाहीये.

शब्दवेडा:
चिखलाबद्दल मी बोलतो कारण आईंचा चेहरा उतरलाय ते वाचून राहवलं नाही.

साइटने खोटं सांगितलेलं नाही, पण अर्धं सांगितलंय. कालिना हा शब्द फार जुना, सगळ्या स्लाव्ह भाषांचा सामाईक. पोलिश, चेक, रशियन सगळीकडे कालिना, युक्रेनियनमध्ये कलिना, क्रोएशियनमध्येही कालिना आहे पण तिथे तो शब्द दुसऱ्याच एका पांढऱ्या फुलांच्या झुडपाला गेलाय. जुन्या स्लाव्ह भाषेत 'कल' म्हणजे चिखल, ओली दलदलीची जमीन, आणि जे झुडूप अशा ओल्या जमिनीत वाढतं ती कालिना, अशी व्युत्पत्ती बरेच अभ्यासक देतात. दुसरं एक मत असंही आहे की तापवून लाल करणे या अर्थाच्या जुन्या धातूवरून आलं, म्हणजे निखाऱ्यासारख्या लाल फळांमुळे. मला स्वतःला पहिलं जास्त पटतं कारण झाड खरोखरच पाण्याच्या कडेला सापडतं.

आता आईंना एवढंच विचारा, पंकजा नावाचा अर्थ काय? पंक म्हणजे चिखल, त्यातून जन्मलेली ती पंकजा. आपण पंकजा म्हणताना कुणाच्या मनात चिखल येतो का, कमळच येतं ना. नीरजा, सरोजा, अंबुजा, सगळी तीच गोष्ट, फूल कुठे उगवतं त्यावरून फुलाचं नाव आणि फुलावरून मुलीचं. कालिनाचं अगदी हेच झालंय. म्हणजे तुमची भाची तिकडची पंकजा आहे असं समजा, फक्त कमळाऐवजी काठावरचं पांढऱ्या फुलांचं झुडूप.

रानजाई:
शब्दवेडा, तुमचा रिप्लाय मी आईला मोठ्याने वाचून दाखवला. पंकजा म्हटल्यावर ती थांबली, मग म्हणाली परत वाच, मग स्वतःच नीरजा सरोजा म्हणत बसली. आईच्या सख्ख्या मैत्रिणीचं नाव पंकजा होतं, कॉलेजातली, आता नाहीये ती. तुम्हाला कल्पना नसेल पण फार मोठं काम केलंत तुम्ही.

आता एक नवीन गोंधळ. भावाने झाडाचा फोटो पाठवला, शेजारच्या बागेतला, आणि त्यात नुसते पांढरेशुभ्र गोल गोल चेंडू आहेत फुलांचे, हायड्रेंजियासारखे. आई म्हणते याला लाल मणी कुठून लागणार. विस्वाकाठी म्हणतात घोसाने मणी, मग हे वेगळं झाड आहे का? मला त्या झाडाचं चित्र काढून पाठवायचंय बाळाला, चुकीचं नको व्हायला.

बागवाली:
चांगलं झालं विचारलंत, कारण चित्र चुकलं असतं. फोटोतलं झाडही कालिनाच आहे पण बागेसाठी निवडलेला प्रकार आहे. पोलिश लोक त्याला 'बुल्देनेश' म्हणतात, फ्रेंच 'बूल द नेझ' म्हणजे बर्फाचा गोळा, ते ऐकू आलं तसं पोलिशमध्ये लिहून टाकलंय. त्याची सगळीच्या सगळी फुलं वांझ असतात, म्हणून त्याला फळ धरत नाही. आईंनी बरोबर ओळखलं, त्याला मणी लागणारच नाहीत.

रानातल्या खऱ्या कालिनाचा गुच्छ चपटा असतो, ताटलीसारखा, साधारण तळहाताएवढा. कडेने मोठी पाच पाकळ्यांची पांढरी फुलं गोल मांडलेली आणि मधे बारीक बारीक फुलांची दाटी. गंमत अशी की कडेची मोठी फुलं नुसती किडे-माश्यांना बोलवायला, त्यांच्यात पुंकेसर नाहीत की बीजांड नाही, आणि मधली जी लक्षातही येत नाहीत तीच फळ धरतात. म्हणजे लांबून जे फूल म्हणून दिसतं ते आमंत्रण आहे, खरं फूल मधे आहे. हे मला पहिल्यांदा कळलं तेव्हा मी किती वेळ एकाच गुच्छाकडे बघत बसले होते.

चित्रासाठी: पानं तीन खणांची, मेपलसारखी, कडा दातेरी, समोरासमोर जोडीने. शरद ऋतूत लाल होतात. फळ साधारण ८ ते १० मिलिमीटर, आत एकच चपटी बी. फुलं आणि लाल फळं एकाच फांदीवर एकाच वेळी काढू नका, दोन्हीत तीन महिन्यांचं अंतर असतं, दोन फांद्या वेगवेगळ्या काढा. आणि हो, फळ कच्चं खायचं नसतं, कडू असतं आणि जास्त खाल्लं तर उलट्या होतात. थंडीचा कडाका बसून गेला की कडवटपणा कमी होतो, मग तिकडे त्याचा रस किंवा घरगुती दारू करतात.

कुतूहल_सदा:
मधेच घुसतोय, माफ करा. माझ्या ऑफिसात एक पोलिश बाई आहेत, नाव मालविना. मी त्यांना एकदा म्हटलं होतं की तुमचं नाव म्हणजे हॉलीहॉकचं फूल, कारण पोलिशमध्ये त्या फुलाला मालवा म्हणतात असं वाचलं होतं. त्या हसून हो म्हणाल्या. तर ते बरोबर ना? कालिनासारखंच?

विस्वाकाठी:
नाही, आणि हे मलाही फार उशिरा कळलं. मालवा फूल खरं आहे, खेड्यातल्या जुन्या घरांपुढे भिंतीला टेकून उंच उंच मालवा उभ्या असतात, त्यामुळे मालविना ऐकलं की पोलिश माणसालाही तेच फूल आठवतं, म्हणून त्या बाई हो म्हणाल्या असतील. पण नाव फुलावरून आलेलं नाही. जेम्स मॅक्फर्सन नावाच्या स्कॉटिश कवीने १७६० च्या दशकात ओसियन नावाच्या प्राचीन कवीच्या म्हणून ज्या कविता छापल्या त्यात ही मालविना आहे, नाव त्यानेच घडवलं. त्या कवितांचं वेड सगळ्या युरोपभर पसरलं. पोलंडमध्ये १८१६ साली मारिया विर्तेम्बेर्स्का या राजघराण्यातल्या बाईंनी जी कादंबरी लिहिली तिची नायिका मालविना, ती फार वाचली गेली आणि नाव घराघरात गेलं. म्हणजे कागदातून आलेलं नाव, मातीशी नातं नंतर लोकांनी जोडलं. कालिनाचं बरोबर उलट आहे, ते मातीतूनच वर आलंय.

बाकी पोलिश फुलांची नावं बघितलीत तर बरीचशी बाहेरची आहेत. लिलियाना, व्योलेत्ता, दालिया. रूझा म्हणजे गुलाब, शब्द लॅटिनवरून. आपण जिला रोझा लक्झेंबर्ग म्हणतो, ती समाजवादी क्रांतिकारक, ती १८७१ ला पोलंडमधल्या झामोश्च गावी जन्मली, पोलिशमध्ये ती रूझाच. पण रूझा नावात एक अडचण आहे, लाडाने रूझिच्का म्हणायला जावं तर त्याच शब्दाचा अर्थ जर्मन गोवर. कालिनाच्या लाडाच्या नावाला असलं काही चिकटलेलं नाही.

शब्दवेडा:
मालविनाचा मुद्दा छान आला, त्यावरून एक सांगतो, मला या सगळ्यात हेच सगळ्यात जास्त भावतं.

पोलिशमध्ये आपल्यासारखंच तो, ती, ते असतं, निर्जीव वस्तूंना सुद्धा. आता फुलं बघा. व्हायोलेट म्हणजे फियोवेक, तो. ट्यूलिप, तो. खसखशीचं फूल माक, तो. लायलॅक म्हणजे बेस, तोही तो. पॅन्सीला तर ब्रातेक म्हणतात, शब्दशः छोटा भाऊ. ही नावं मुलीला ठेवताच येत नाहीत, व्हायोलेट ठेवायचं असेल तर बाहेरून व्योलेत्ता आणावं लागतं. आपल्याकडे जाई, जुई, शेवंती मुली होतात पण मोगरा म्हटलं की 'तो' येतो ना, तसं. कालिना मात्र ती आहे, शेवटी आकार आहे, आणि म्हणूनच लोकगीतांत ती आपोआप मुलगी झाली. मेपलच्या जातीचं एक झाड आहे यावोर, तो पुल्लिंगी, तर गाण्यांत यावोर मुलगा आणि कालिना मुलगी, दोघं पाण्याच्या काठी. लग्नाच्या गाण्यांत कालिनाची फांदी मोडणं म्हणजे मुलीचं कुमारीपण संपणं. पांढरं फूल, मग लाल फळ, त्यांना यापेक्षा वेगळी उपमा शोधावीच लागली नाही. हे फक्त पोलंडचं नाही, युक्रेनमध्ये तर लाल कलिना हे देशाचंच प्रतीक आहे.

त्यामुळे अर्थ विचाराल तर डिक्शनरीत झुडूप, पण पोलिश कानाला कालिना म्हणजे गाण्यातली तरुण मुलगी, पाण्याकाठी उभी असलेली. तेओफिल लेनार्तोविच (१८२२ ते १८९३) या कवीची याच नावाची कविता आहे, तिला इग्नात्सी कोमोरोव्स्कीने चाल लावली आणि ती इतकी पसरली की लोकगीतच वाटावी. त्यात कालिना झाड आहे पण वागते मुलीसारखी, याश नावाच्या मुलावर जीव असतो तिचा. शेवट दुःखी आहे, तो मुलगा मरतो तेव्हा ती सगळी पानं झडवून टाकते आणि आपले पोवळ्याचे मणी पाण्यात सोडते. हे आईंना सांगायचं की नाही ते तुम्ही ठरवा, पण मी लपवणार नाही, नावाच्या मागे हेही आहे आणि मला ते सुंदर वाटतं.

विस्वाकाठी:
आणि आमच्या वरच्या मजल्यावरच्या आजींना कालिना म्हटलं की पहिल्यांदा कालिना येन्द्रूशिक आठवायची, अभिनेत्री आणि गायिका, १९९१ ला गेली. टीव्हीवरच्या कॅबरेमुळे (तिकडे कॅबरे म्हणजे गाणी आणि विनोदांचा कार्यक्रम) साठच्या दशकात घराघरात पोचलेली, आवाज एकदम खर्जातला, कुजबुजल्यासारखा. त्या पिढीसाठी ते नाव म्हणजे झाडही नाही, ती बाई.

रानजाई:
किती काय काय सांगितलंत सगळ्यांनी. आईला कवितेचं सांगितलं मी, सगळं, शेवटासकट. ती म्हणाली चालेल, सीता जमिनीत गेली म्हणून आपण मुलींची नावं सीता ठेवायचं सोडलं का.

आता दोन छोटे प्रश्न. एक, भाऊ म्हणतोय कागदोपत्री कालिना मारिया नोंदवलंय, हे मारिया कशाला? आणि दोन, आई तिला लाडाने काय म्हणू शकते तिकडच्या पद्धतीने? भावजयीने मेसेजमध्ये कालिनेच्का असं काहीतरी लिहिलं होतं.

विस्वाकाठी:
दुसरं नाव बरेच जण ठेवतात, जन्मनोंदणीत जास्तीत जास्त दोन नावं चालतात. मारियाचं कारण मात्र तुमच्या भावजयीलाच माहीत, पणजीचंही असू शकतं. एक जुनी गोष्ट सांगतो, कालिना नावाची संत नाही, आणि कॅथलिक चर्चचा १९१७ चा जो नियम होता त्यात बाप्तिस्म्याला संताचं नाव नसेल तर पाद्रीने ते जोडावं असं होतं. १९८३ च्या नियमात एवढंच राहिलं की नाव ख्रिस्ती भावनेला परकं नसावं. नियम गेला तरी रानातलं एक आणि देवळातलं एक अशी जोडी ठेवायची सवय काही घरांत राहिली.

लाडाची नावं भरपूर: कालिन्का, कालिनेच्का, काला, लिना. ही घरात वापरायची, नोंदणीत नाही, मार्च २०१५ पासून जो कायदा लागू आहे त्यात सुद्धा जन्मदाखल्यावर लाडाचं रूप चालत नाही. आणि कालिनेच्का म्हणताना सुरुवातीचा 'क' नीट म्हणायला सांगा आईंना. 'त्सालिनेच्का' म्हटलं तर ती अंगठ्याएवढ्या मुलीच्या गोष्टीतली मुलगी होते, थंबेलिना, त्यांच्या भाषेत तिचं नाव ते आहे. अर्थात महिन्याच्या बाळाला तेही शोभतंच, पोलिश घरांत मुद्दाम तसंही म्हणत असतील.

शब्दवेडा:
कार्डावर लिहिणार असाल तर एक. पोलिशमध्ये नावाला सुद्धा विभक्ती लागते, सात आहेत. संबोधनात कालिनाचं कालिनो होतं. मुलांनो, बायांनो म्हणताना आपल्याकडे शेवटी जो ओ येतो तसाच तिथे, फक्त तिथे एकीलाच हाक मारतानाही येतो. म्हणजे 'प्रिय कालिना' असं लिहायचं तर 'कोहाना कालिनो'. आणि पाकिटावर 'कालिनासाठी' लिहायचं तर 'द्ला कालिनी'. पोलिश स्पेलिंग भावाकडून घ्या, शेवटचं अक्षर त्यांचं वाय असतं.

रानजाई:
चित्र झालं. बागवालींनी सांगितलं तसं दोन फांद्या, एक मे महिन्याची चपट्या गुच्छाची, कडेची फुलं मोठी आणि मधली बारीक, आणि एक बर्फातली, लाल मण्यांची. खाली थोडं पाणी काढलंय आणि काठाला ओली माती, ती आईनेच रंगवली, तपकिरी रंग तिनेच कालवला. वर मी 'कोहाना कालिनो' लिहिलं पोलिशमध्ये, भावाकडून स्पेलिंग तपासून घेतलं, आणि खाली आईने तिच्या अक्षरात मराठीत लिहिलं, आमच्या पंकजेस, आजी. उद्या पोस्टात टाकते.

बागवाली:
जमलं तर त्या चित्राचा फोटो टाका इथे. आणि भावाला सांगा शेजारच्या बुल्देनेशवर समाधान मानू नको, ऑक्टोबरात एखाद्या ओढ्याकडे चक्कर मार, खरी कालिना तिथे लाल झालेली दिसेल.